तीस सेकंदांचा रेणू

आजच्या व्याख्यानाचा विषय जेमतेम अर्धे मिनीट टिकतो. थ्रॉम्बॉक्सेन ए-२ हे त्याचे नाव. शरीराच्या तापमानाच्या पाण्यात तो सोडला, तर सुमारे तीस सेकंदांत निम्मा संपतो, पुढच्या तीस सेकंदांत उरलेल्यातला निम्मा. वक्त्याची ओळख करून देणारे गृहस्थ ‘आजचे प्रमुख पाहुणे’ म्हणून कागद उलगडेपर्यंत तो बहुतांशी नाहीसा झालेला असतो. तो बाटलीत भरून ठेवता येत नाही आणि औषधांच्या दुकानात मिळत नाही. तरीही महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत दुपारच्या जेवणानंतर पाण्याच्या घोटाबरोबर जी इवलीशी गोळी घेतली जाते, ती याच रेणूला अडवण्यासाठी असते.

त्या गोळीला, म्हणजे लहान मात्रेच्या ॲस्पिरिनला, घरोघर ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात. प्रत्यक्षात तिने रक्त अजिबात पातळ होत नाही. गोळी घेण्याआधी रक्त जेवढे दाट असते, तेवढेच नंतरही राहते. फरक पडतो तो रक्तातल्या प्लेटलेटच्या वागणुकीत.

डेंग्यूच्या साथीमुळे प्लेटलेट हा शब्द आता खेडोपाडी पोचला आहे. पावसाळा आला की ‘किती झाल्या?’ या प्रश्नाला ‘ऐंशी हजार’ असे उत्तर मिळते आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये, दीड ते चार लाख प्लेटलेट असतात. प्रत्येकीचा व्यास दोन-तीन मायक्रॉन. अस्थिमज्जेतल्या एका अवाढव्य पेशीचे तुकडे पडून त्या तयार होतात, म्हणून त्यांना केंद्रक नसते. आठ-दहा दिवस रक्तातून फिरायचे आणि संपायचे, एवढेच त्यांचे आयुष्य. केंद्रक नाही म्हणजे नवी प्रथिने घडवण्याची सोय जवळजवळ नाहीच. निघताना जी हत्यारे बरोबर घेतली, तेवढ्यांवरच भागवायचे. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे सगळे गणित तिच्यावरच बेतलेले आहे.

विळीवर भाजी चिरताना बोट कापले, तर रक्तवाहिनीचे गुळगुळीत अस्तर फाटते आणि आतले कोलॅजेन उघडे पडते. पहिल्या काही प्लेटलेट तिथे चिकटतात. चिकटताच त्यांच्या पटलातून ॲराकिडोनिक आम्ल नावाचे एक स्निग्धाम्ल सुटते. सायक्लोऑक्सिजनेज नावाचे विकर त्यापासून पीजीएच-२ हा मधला रेणू बनवते. हा प्रोस्टाग्लँडिन घराण्यातला. दुसरे विकर त्याचा थ्रॉम्बॉक्सेन करते. तो बाहेर पडतो आणि शेजारच्या प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला जाऊन भिडतो. तिच्या पोटात कॅल्शियम वाढते, ती आपला चपटा आकार सोडून काटेरी होते, आपल्या कणांमधला माल बाहेर टाकते आणि स्वतःही थ्रॉम्बॉक्सेन बनवू लागते. एकीने दुसरीला हाक मारायची, दुसरीने तिसरीला, असे चालते. शिवाय थ्रॉम्बॉक्सेन कापलेली वाहिनी आवळतो, त्यामुळे रक्त कमी वाहते. काही मिनिटांत बोटाचे रक्त थांबते आणि स्वयंपाक पुढे सुरू होतो. हाक मारणारा रेणू अल्पायुषी असल्यामुळे ती हाक जखमेपुरतीच राहते, अंगभर पसरत नाही.

हे आज फळ्यावर दोन ओळींत लिहिता येते. ते सापडले मात्र फार आडवळणाने.

प्रोस्टाग्लँडिनांची गोष्ट १९३० च्या दशकात सुरू झाली. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांना वीर्यात असे काही द्रव्य आढळले, की ज्याने स्नायू आकसतात आणि रक्तदाब उतरतो. त्यांचे काम पुढे नेणारे सुने बर्गस्ट्रॉम आणि बर्गस्ट्रॉम यांचे शिष्य बेंग्ट सॅम्युएलसन यांनी पुढे मेंढ्यांच्या ग्रंथींची पोती रिकामी करून या रेणूंची रचना उलगडली. (बर्गस्ट्रॉम यांचे चिरंजीव स्वान्ते पाबो यांना निअँडरथल मानवाच्या जनुकसंचावरील कामासाठी २०२२ मध्ये नोबेल मिळाले. घराणे असावे तर असे.) थ्रॉम्बॉक्सेनचा पहिला ठसा मात्र लंडनमध्ये उमटला, आणि तो उमटला सशाच्या महारोहिणीच्या एका चिंधोटीवर.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये जॉन व्हेन यांची प्रयोगशाळा होती. व्हेन यांचे हत्यार साधे होते आणि विलक्षण होते. सशाची महारोहिणी, उंदराचे जठर, कोंबडीचे आतडे अशा वेगवेगळ्या ऊतींच्या पट्ट्या एकाखाली एक टांगायच्या आणि त्यांच्यावरून द्रवाची धार सोडायची. महादेवाच्या पिंडीवर अभिषेकपात्रातून ठिबकते तशी ती धार वरच्या पट्टीवरून खालच्या पट्टीवर उतरत जाते. कोणती पट्टी आकसली, कोणती सैल पडली, यावरून द्रवात काय आहे ते ओळखायचे. अमुक संप्रेरकाला जठर दाद देते, तमुकाला आतडे. रासायनिक पृथक्करणाची यंत्रे जिथे हात टेकतात, तिथे मांसाच्या या पट्ट्या नेमके उत्तर देत.

१९६९ मध्ये प्रिसिला पायपर आणि व्हेन यांनी अंड्यातल्या प्रथिनाची ॲलर्जी निर्माण केलेल्या गिनीपिगची फुप्फुसे घेतली. त्या फुप्फुसांत तेच प्रथिन पुन्हा सोडल्यावर दम्यासारखा झटका येतो आणि नाना द्रव्ये बाहेर पडतात. हिस्टामिन निघाले, प्रोस्टाग्लँडिने निघाली, ते अपेक्षितच होते. पण सशाच्या महारोहिणीची पट्टीही जोरात आकसली, आणि तिला तसे आकसवणारे ओळखीचे द्रव्य त्या द्रवात नव्हते. आणखी गंमत अशी, की द्रव दोन-चार मिनिटे तसाच ठेवून मग पट्टीवर सोडला, तर काहीच होत नसे. जे काही होते ते वाटेतच विरत होते. त्यांनी त्याला सरळ ‘सशाची महारोहिणी आकसवणारे द्रव्य’ असेच नाव दिले. आणि ॲस्पिरिन दिले की हे द्रव्य निघतच नाही, हेही त्यांनी नोंदवले.

१९७१ मध्ये व्हेन यांनी दाखवून दिले, की ॲस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधे प्रोस्टाग्लँडिनांची निर्मितीच थांबवतात. बाजारात १८९९ पासून विकली जाणारी, जगाने टनांनी गिळलेली गोळी नेमके करते काय, याचे उत्तर मिळायला बहात्तर वर्षे लागली. त्याच वेळी स्मिथ आणि विलिस यांनी माणसांच्या प्लेटलेटमध्ये हेच घडते असे सांगितले. प्लेटलेट एकमेकींना चिकटतात की नाही हे मोजायचे साधन तोवर हाताशी आले होते. ते १९६२ चे, गुस्ताव बॉर्न यांचे. प्लेटलेटने गढूळ झालेल्या रक्तरसातून प्रकाश सोडायचा. गुठळ्या झाल्या की द्रव निवळतो आणि जास्त प्रकाश पार होतो. एवढ्याशा युक्तीवर जगातल्या रक्तशास्त्राच्या प्रयोगशाळा आजही चालतात. हे बॉर्न म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांचे चिरंजीव. नाझींमुळे देशोधडीला लागलेले हे वडील १९३५-३६ च्या सुमारास सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून काही महिने बंगळूरला येऊन राहिले होते.

आता ते विरून जाणारे द्रव्य पकडायचे कसे? १९७५ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत मॅट्स हॅम्बर्ग, यान स्वेनसन आणि सॅम्युएलसन यांनी ते पकडले. त्यांची युक्ती पोलिसी खाक्याची होती. चोर पळणारच आहे, तर त्याच्या अंगाला असे काही चिकटवायचे की नंतर ओळख पटावी. धुतलेल्या मानवी प्लेटलेटमध्ये ॲराकिडोनिक आम्ल घातले, अर्धे मिनीट थांबले आणि मग भरपूर मिथेनॉल ओतले. त्या अस्थिर रेणूला पाणी गाठण्याआधी मिथेनॉलने गाठले आणि एक टिकाऊ संयुग तयार झाले. इथेनॉल वापरले तर त्याचे संयुग, ॲझाइड वापरले तर त्याचे. मागे उरलेल्या या खुणांवरून मूळ रेणू कसा असला पाहिजे, हे उलट्या पावलांनी ठरले. पाण्याशी गाठ पडल्यावर त्याचा थ्रॉम्बॉक्सेन बी-२ होतो, तो टिकाऊ पण निरुपद्रवी. आज प्रयोगशाळा मोजतात तो हाच बी-२. खुद्द ए-२ कुणाच्या हाती लागत नाही. लंडनच्या सशाचे कोडे बरेचसे इथे सुटले.

एका वर्षात गोष्टीला दुसरे टोक मिळाले. व्हेन आता केंट परगण्यातल्या बेकनहॅम इथे वेलकम प्रयोगशाळेत होते. त्यांच्याकडचे साल्वादोर मोंकादा, पोलंडचे रिशार्द ग्रिग्लेव्हस्की आणि स्टुअर्ट बंटिंग यांनी डुकराच्या महारोहिणीच्या भिंतीत थ्रॉम्बॉक्सेन बनवणारे विकर मिळते का हे तपासले. मिळाले ते नेमके उलटे. रोहिणीच्या भिंतीतही त्याच पीजीएच-२ पासून एक अस्थिर रेणू बनत होता, पण तो प्लेटलेटना एकत्र येऊ देत नव्हता आणि वाहिनी सैल करत होता. त्याला पुढे प्रोस्टासायक्लिन म्हणू लागले. एकाच कच्च्या मालापासून प्लेटलेट गुठळीचे रसायन बनवते आणि तिच्या शेजारची वाहिनी गुठळी मोडण्याचे. १९८२ चे नोबेल बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना मिळाले. पायपर आणि हॅम्बर्ग त्या यादीत नव्हते. नोबेलचा नियम तिघांचा आहे, प्रयोगशाळा मात्र तिघांवर चालत नाहीत.

थ्रॉम्बॉक्सेनला खलनायक ठरवून बरेच लेखन झाले आहे. ते एकांगी वाटते. रोग या रेणूत नसतो. चरबीचा थर फुटून रोहिणीचे अस्तर खराब झाले, की तिथे प्रोस्टासायक्लिन कमी पडते आणि प्लेटलेटना ती जागा विळीवर कापलेल्या बोटासारखीच दिसते. बोट वाचवणारी तीच हाक हृदयाच्या रोहिणीत गुठळी बांधते. म्हणून औषधाचा प्रश्न ‘थ्रॉम्बॉक्सेन बंद करा’ एवढा सोपा नव्हता. तो बंद करताना प्रोस्टासायक्लिन चालू ठेवायचे होते.

इथे प्लेटलेटचे केंद्रकहीन असणे कामी येते. १९७५ मध्ये सेंट लुईसच्या जेराल्ड रॉथ आणि फिलिप मॅजेरस यांनी दाखवले, की ॲस्पिरिन आपला ॲसिटिल गट त्या विकराला कायमचा चिकटवून जाते. ज्या प्लेटलेटची गाठ ॲस्पिरिनशी पडली, ती मरेपर्यंत थ्रॉम्बॉक्सेन बनवू शकत नाही, कारण नवे विकर घडवायचे कसब तिच्याकडे नाही. रोहिणीच्या पेशींना केंद्रक असते. त्या काही तासांत नवे विकर घडवून प्रोस्टासायक्लिन पुन्हा सुरू करतात. त्यात गोळी लहान असेल, तर आतड्यातून यकृताकडे जाणाऱ्या रक्तातच तिचे काम होते. तिथून जाणाऱ्या प्लेटलेट तिच्या तावडीत सापडतात आणि उरलेले बरेचसे ॲस्पिरिन यकृत मोडून टाकते. रोममध्ये कार्लो पात्रोनो यांच्या गटाने १९८२ च्या सुमारास दाखवले, की दिवसाला तीसेक मिलिग्रॅम एवढ्यानेही आठवडाभरात प्लेटलेटमधला थ्रॉम्बॉक्सेन जवळजवळ पूर्ण थांबतो. डोकेदुखीला लागते त्याच्या दहाव्या हिश्श्याने! भारतात पंचाहत्तर, युरोपात शंभर आणि अमेरिकेत एक्याऐंशी मिलिग्रॅम असा विचित्र आकडा, ही सगळी सोयीची कामे. अमेरिकेचा आकडा तर जुन्या पाच ग्रेनच्या गोळीचा चतकोर आहे, त्यात शास्त्र काही नाही.

ॲस्पिरिनने हृदय वाचते हे शास्त्र कळायच्या आधी एका माणसाला कळले होते. कॅलिफोर्नियात ग्लेंडेल इथले डॉक्टर लॉरेन्स क्रेव्हन घशातल्या गाठी काढत. दुखू नये म्हणून रोगी ॲस्पिरिनचे च्युइंग गम चघळत, आणि त्यांपैकी काहींना फार रक्त जाई. याच गोळीने हृदयातली गुठळी टळेल, असा तर्क क्रेव्हन यांनी केला आणि ते आपल्या रोग्यांना ती देऊ लागले. १९५६ मध्ये त्यांनी जवळजवळ आठ हजार माणसांचा दाखला दिला. पण तुलनेसाठी गोळी न घेणारा गट नव्हता, लेख छापले ते आडगावच्या नियतकालिकांत, आणि पुढच्याच वर्षी स्वतः क्रेव्हन हृदयविकाराने गेले. तर्क बरोबर होता, पुरावा नव्हता. वैद्यकात ही जोडी फार वेळा भेटते.

पुरावा आला १९८८ मध्ये, आयसिस-२ या चाचणीने. सोळा देशांतल्या ४१७ रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका आलेले १७,१८७ रोगी तिच्यात होते. निम्म्यांना महिनाभर १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने पोकळ गोळीवाले ११.८ टक्के दगावले, ॲस्पिरिनवाले ९.४ टक्के. म्हणजे हजारी चोवीस जीव वाचले, तेही काही पैशांच्या गोळीने. गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज जोडीला दिले, तर फायदा आणखी वाढला.

या चाचणीचे निष्कर्ष छापताना लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी रोग्यांचे गट पाडून विश्लेषण मागितले. वयाप्रमाणे, रक्तदाबाप्रमाणे वगैरे. चाचणी चालवणाऱ्या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ते दिले आणि वर रोग्यांच्या जन्मराशींप्रमाणेही एक गट पाडून दिला. मिथुन आणि तूळ राशीच्या रोग्यांना ॲस्पिरिन किंचित घातक ठरली होती आणि बाकीच्या दहा राशींना भरघोस फायदा! ही थट्टा होती, आणि अत्यंत गंभीर. आकडे बारीक चिरत गेले की त्यांत काहीही दिसू लागते. आपल्याकडे जिथे साखरपुड्याआधी राशी बघतात, तिथे हे उदाहरण वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षीच शिकवायला हवे.

आता उलट्या बाजूची गोष्ट. सायक्लोऑक्सिजनेज दोन प्रकारचे असते. प्लेटलेटमध्ये पहिला प्रकार, सूज आलेल्या जागी दुसरा. दुसराच फक्त अडवला तर सांधेदुखी थांबेल आणि पोटाला त्रास होणार नाही, या आशेने १९९९ मध्ये मर्क कंपनीचे व्हायॉक्स बाजारात आले. २००३ साली त्याची विक्री अडीच अब्ज डॉलरच्या आसपास पोचली. पण रोहिणीतले बरेचसे प्रोस्टासायक्लिन त्याच दुसऱ्या प्रकारावर अवलंबून आहे, हे गॅरेट फिट्झजेराल्ड यांच्या गटाने त्याच सुमारास सांगितले होते. व्हायॉक्सने ते कमी होत होते आणि थ्रॉम्बॉक्सेनला हातही लागत नव्हता. २००० च्या एका मोठ्या चाचणीत व्हायॉक्स घेणाऱ्यांना झटके जास्त आले, तेव्हा कंपनीने ‘तुलनेचे औषधच हृदय राखणारे असेल’ असा खुलासा केला. २००४ मध्ये पोकळ गोळीशी तुलना करणाऱ्या चाचणीत अठरा महिन्यांनंतर धोका स्पष्ट दिसला आणि ३० सप्टेंबरला औषध मागे घेतले गेले. दोन महिन्यांच्या आत व्हेन वारले.

गर्भारपणातला रक्तदाब हा थ्रॉम्बॉक्सेन आणि प्रोस्टासायक्लिन यांच्या त्याच ओढाताणीचा वेगळा प्रकार. तो फार वाढतो आणि लघवीतून प्रथिने जातात, त्या अवस्थेत वार थ्रॉम्बॉक्सेन जास्त आणि प्रोस्टासायक्लिन कमी बनवते, हे १९८० च्या दशकात दिसले. तेव्हा लहान मात्रेची ॲस्पिरिन देऊन पाहिली. १९९४ ची साठ मिलिग्रॅमची चाचणी निराशाजनक ठरली. २०१७ मध्ये मात्र जास्त जोखमीच्या स्त्रिया निवडून, बारा-तेराव्या आठवड्याच्या आसपास सुरुवात करून, रात्री दीडशे मिलिग्रॅम दिल्यावर मुदतीआधी होणारा हा आजार ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. औषध तेच होते. वेळ, मात्रा आणि निवड बदलली.

थ्रॉम्बॉक्सेनवर थेट निशाणा साधणारी औषधे मात्र फसत गेली. त्याला बनवणारे विकर अडवले, तर मागे तुंबलेला पीजीएच-२ त्याच ग्राहीवर जाऊन बसतो आणि प्लेटलेट चिकटतातच. मग ग्राहीच अडवणारे टेरुट्रोबान आले. अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या एकोणीस हजारांहून अधिक रोग्यांवर त्याची ॲस्पिरिनशी तुलना झाली आणि २०११ मध्ये ते सरस नाही असे ठरले. ते नेमके होते, नवे होते आणि महागही ठरले असते. शंभर वर्षांच्या म्हातारीने त्याला परतवले.

थ्रॉम्बॉक्सेन बनवणाऱ्या याच विकराशी जोडलेला एक आजार भारतातून पुढे आला. लहान मुलांत लांब हाडे जाड होणे आणि रक्त कमी असणे असे दोन्ही एकत्र आढळल्याचे घोषाल आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये नोंदवले. २००८ मध्ये कळले, की त्या मुलांत थ्रॉम्बॉक्सेन बनवणाऱ्या विकराच्याच जनुकात बिघाड असतो. गुठळीचा म्हणून ओळखला जाणारा रेणू हाडाच्या घडणीतही लुडबूड करतो, हे तोवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. स्टेरॉइडने ही मुले सुधारतात.

शेवटी श्रोत्यांच्या खिशातल्या गोळीकडे. ज्याला झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्याच्यासाठी तिचा फायदा पक्का आहे. ज्याला काहीच झालेले नाही, त्याचे तसे नाही. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ वयस्कर निरोगी माणसांवरच्या ॲस्प्री चाचणीने २०१८ मध्ये सांगितले, की रोज शंभर मिलिग्रॅम घेऊन त्यांचे धडधाकट आयुष्य वाढले नाही, रक्तस्राव मात्र वाढला. शेजारी घेतात म्हणून साठी उलटल्यावर ती सुरू करणाऱ्यांनी हे डॉक्टरांसमोर काढावे. तापात, विशेषतः डेंग्यूची शंका असताना, ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन दोन्ही टाळून पॅरासिटामॉलच घ्यावे. ॲस्पिरिन चालू असताना गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. आयबुप्रोफेन आधी जाऊन विकराच्या तोंडावर बसले, तर ॲस्पिरिनला आत शिरता येत नाही. ती थोड्या वेळात रक्तातून निघून जाते आणि प्लेटलेट मोकळ्या राहतात. म्हणून साधी ॲस्पिरिन आधी, आयबुप्रोफेन निदान अर्ध्या तासाने. आवरण चढवलेली गोळी सावकाश विरघळते, तिला हे वेळापत्रक लागू पडेलच असे नाही.

शस्त्रक्रियेआधी आठवडाभर गोळी थांबवायला सांगतात, तो आठवडा प्लेटलेटच्या आयुष्यावरून आला. रोज साधारण दहावा हिस्सा नव्या येतात, त्यामुळे चार-पाच दिवसांतच काम चालण्याइतक्या ताज्या प्लेटलेट जमतात. स्टेंट असलेल्या माणसाने मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नये. साधा दात काढायचा असेल, तर ती सहसा चालूच ठेवतात. दंतवैद्य त्या जागी गॉजचा बोळा दाबून ठेवायला देतात आणि थोडा जास्त वेळ बसवून घेतात.